दहा महिन्यांच्या वापरानंतर: जांभळा जिओड, पिवळा सिट्रिन आणि ‘पाणी लावू नये’ ही सूचना

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी ध्यानवर्ग सुरू होण्याआधी कलश किंचित कलंडला आणि वाटीभर पाणी जिओडच्या, म्हणजे आतून स्फटिकांनी मढलेल्या पोकळ दगडाच्या, बुडाखाली गेले. वर्ग संपल्यावर तो उचलला, तेव्हा पांढऱ्या खादीच्या बैठकीवर दौत सांडल्यासारखे जांभळे वर्तुळ उमटलेले होते. ही बैठक मी स्वतः खळ देऊन इस्त्री करते. लिंबू, धुण्याचा सोडा, ऊन असे सगळे करून झाले, तरी डाग अजून आहे, आणि प्रस्तुत अनुभव लिहिण्याचे कारणही तोच आहे.

छत्रपती संभाजीनगरमध्ये मी गेली काही वर्षे घरीच ध्यानाचे वर्ग घेते. गेल्या दिवाळीत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तीन वस्तू मागवल्या: अडीच किलोचा जांभळा जिओड ३,२०० रुपयांना, सिट्रिन या पिवळ्या स्फटिकाचा गुच्छ १,८५० रुपयांना आणि इंद्रधनुषी झळाळीचा एक ‘ऑरा’ स्फटिक ९५० रुपयांना, असे एकूण ६,००० रुपये झाले. स्फटिकात शक्ती असते की नसते, या वादात मला शिरायचे नाही. माझ्या वर्गात त्याचे काम नजर एका जागी ठरवण्यापुरते आहे, आणि ते काम या तिन्ही वस्तूंनी दहा महिने तक्रार न करता केले, हे आधीच नोंदवून ठेवते.

जिओडसोबत एक गुळगुळीत छापील चिठ्ठी आली होती. तिच्यात ‘१०० टक्के नैसर्गिक अ‍ॅमेथिस्ट’ (म्हणजे जांभळा स्फटिक) असे मोठ्या अक्षरांत होते आणि खाली बारीक अक्षरांत ‘पाणी लावू नये, ऊर्जा क्षीण होते, कोरड्या मऊ कापडाने पुसावे’ अशी सूचना होती. मी ती दहा महिने श्रद्धेने पाळली. पौर्णिमेला जिओड गच्चीवर ठेवायचा असे, तेव्हा दव पडेल म्हणून वर ताट झाकत असे. चांदण्यात ठेवायचा आणि चांदणे अडवायचे, यातला विनोद माझ्या विद्यार्थिनींनीच मला दाखवून दिला. आता कळते की पाण्याने ऊर्जा नव्हे, वरून दिलेला रंग क्षीण झाला असता. या तीन वस्तूंविषयी मला जे काही म्हणायचे आहे, त्यातला निम्मा राग त्या एका ओळीवर आहे, आणि तो प्रमाणाबाहेर आहे हे मला मान्य आहे.

तरीही न्यायाने सांगायचे तर ही सूचना प्रत्येक दगडाच्या बाबतीत खोटी नसते. सेलेनाइट हे जिप्समचेच रूप असल्याने पाण्याने खरोखर खराब होते आणि पायराइट या लोहयुक्त खनिजाला ओल लागली की ते गंजू लागते. खऱ्या अ‍ॅमेथिस्टला मात्र पाण्याचे काही भय नाही. त्याचा रंग दीर्घकाळ कडक उन्हात ठेवल्यास फिका पडू शकतो, आणि उन्हाविषयी चिठ्ठीत एक अक्षरही नव्हते.

आमच्या शेजारी भूशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी दहापट भिंगातून जिओड पाहिला आणि दोन मिनिटांत निकाल दिला. खऱ्या अ‍ॅमेथिस्टचा रंग स्फटिकाच्या आत असतो. लोहाचे सूक्ष्म अंश आणि खडकातले नैसर्गिक किरणोत्सर्जन यांच्यामुळे तो येतो, आणि बहुधा टोकाकडे गडद व बुडाशी फिका दिसतो. माझ्या जिओडमध्ये नेमके उलटे होते. टोके जवळजवळ पारदर्शक, आणि सगळा जांभळेपणा स्फटिकांच्या बेचक्यांत, भेगांत आणि बाहेरच्या कडेत साचलेला. ही कड कॅल्सेडनीची, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांच्या दगडाची, असते आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रे असल्याने ती रंग पिऊन घेते, तर आतला स्फटिक घट्ट असल्याने रंग त्याच्या पृष्ठभागावरच अडकून राहतो. मागच्या बाजूला नखांचा रंग काढण्याचे अ‍ॅसिटोन कापसाला लावून घासले, तेव्हा कापूस जांभळा झाला. मात्र कापूस कोरा राहिला म्हणून दगड खरा ठरत नाही, कारण सगळेच रंग अ‍ॅसिटोनमध्ये सुटत नाहीत, अशी पुस्ती प्राध्यापकांनी जोडली.

त्यानंतर मी तो दगड बादलीत भिजत घातला. आमच्या भागात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना तीन बादल्या पाणी एका दगडावर घालवताना मनाची काय अवस्था होते ते वेगळे सांगायला नको. पहिल्या बादलीतले पाणी झेंडूला घालावे असा विचार आला होता, पण तो रंग कशाचा आहे हे माहीत नसल्याने ते मोरीत ओतावे लागले. चौथ्या दिवशी दगड बाहेर काढला आणि माझे मत प्रथम डळमळले, कारण तो सुंदर होता. बाहेरच्या कडेवर फिकट जांभळी छटा आणि आत साखरेसारखे पांढरे, स्वच्छ, चमकदार स्फटिक. रंगाच्या थराखाली एक चांगला, खरा क्वार्ट्झ होता (अ‍ॅमेथिस्ट हा याच खनिजाचा जांभळा प्रकार). तो तसाच विकला असता, तर मी आनंदाने घेतला असता, फक्त ३,२०० रुपयांना घेतला नसता.

पिवळ्या गुच्छाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे निघाले. तो रंगवलेला नाही, भाजलेला आहे. अ‍ॅमेथिस्ट साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की जांभळा रंग जाऊन पिवळा किंवा नारिंगी येतो, आणि ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल भागातला पुष्कळसा माल असाच ‘सिट्रिन’ होऊन बाजारात येतो. बुडाशी चुनखडीसारखा पांढरा आणि टोकाला जळक्या नारिंगी रंगाचा गुच्छ दिसला, की तो भट्टीतून आलेला समजावा. नैसर्गिक सिट्रिन सहसा फिकट पिवळा, थोडा धुरकट असतो आणि दुर्मीळ असतो. हा रंग मात्र पक्का आहे. पाणी आणि अ‍ॅसिटोन दोन्ही लावून पाहिले, तरी काही फरक पडला नाही. त्यामुळे या गुच्छावर मी रागावू की नको, हे मला अजून ठरवता आलेले नाही. विद्यार्थिनींपैकी एकीने तो दुकानाच्या गल्ल्यावर ठेवायला मागितला आहे. तो भाजलेला आहे हे तिला सांगितले, तर ती म्हणाली, “शेंगदाणेसुद्धा भाजल्यावरच चांगले लागतात.”

ज्या ऑरा स्फटिकाला मी सुरुवातीला निव्वळ खेळणे समजले होते, तोच सर्वांत प्रामाणिक ठरला. निर्वात कक्षात क्वार्ट्झ तापवून त्यावर टायटॅनियमसारख्या धातूच्या वाफेचा अतिशय पातळ थर बसवतात आणि पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग त्या थरामुळे दिसतात. असा दगड जमिनीतून निघत नाही हे पाहताक्षणी कळते, आणि विक्रेत्यानेही ‘लेपित’ हा शब्द लिहिला होता. एका टोकाचा टवका उडून आतला पांढरा क्वार्ट्झ दिसू लागला आहे, एवढे सोडले तर दहा महिन्यांत त्याला काही झालेले नाही.

दगडाला रंग देणे हा मुळात गुन्हा आहे, असे मला आता वाटत नाही. सुरुवातीला वाटत होते. खंभातचे कारागीर अकीक भाजून त्याला लाल करतात, ती परंपरा फार जुनी आहे. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावाने एकोणिसाव्या शतकात अकीक रंगवण्याचे शास्त्रच उभे केले, आणि साखरेच्या द्रावणात भिजवलेला दगड गंधकाम्लात घालून काळा करण्याची युक्ती तर मला स्वयंपाकघरातल्या एखाद्या कृतीसारखी वाटते. माझी तक्रार न सांगण्याविषयी आहे. मी विक्रेत्याला लिहिले, तेव्हा उत्तर आले की मूळ दगड नैसर्गिकच आहे, रंग केवळ सौंदर्यवर्धनासाठी आहे आणि परतीची सात दिवसांची मुदत उलटून गेली आहे. सात दिवसांत पाणी लावायचे नाही, आणि पाणी लावल्याशिवाय कळायचे नाही! मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर आधी पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन देऊ केले गेले. ते मी नाकारल्यावर जिओडची निम्मी रक्कम, म्हणजे १,६०० रुपये, खात्यात जमा झाले. बैठकीच्या कापडाची भरपाई मात्र साफ नाकारण्यात आली.

मला सर्वाधिक झोंबलेली गोष्ट या सगळ्यानंतर घडली. माझा धाकटा भाऊ सिल्लोड तालुक्यात शेती करतो. तो भेटायला आला, भिजवून पांढरा झालेला जिओड त्याने हातात फिरवून पाहिला आणि म्हणाला, “अक्का, ही तर गारगोटी. आपल्या विहिरीत बार उडवला तेव्हा अशा टोपलीभर निघाल्या होत्या.” त्याचे बरोबर होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर आपण सगळे राहतो. त्या लाव्हात अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांतून पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि हे स्फटिक तयार झाले. लहानपणी आम्ही दोघे अशाच गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासून ठिणग्या पाहत असू. विहिरीतल्या त्या गारगोट्यांचे काय झाले, असे मी विचारले. काही बांधावर पडून आहेत आणि बऱ्याचशा गावात फिरणारा एक व्यापारी पोत्याच्या भावाने घेऊन गेला, असे तो म्हणाला. पुढच्या खेपेला दोन-चार आणून देण्याचे त्याने कबूल केले आहे. मग या तिन्ही दगडांना मिळून किती पडले, असे त्याने विचारले. मी तीन हजार सांगितले.