शाळा कशासाठी? दर्खाइम आणि पार्सन्स

दोघेही कार्यवादी समाजशास्त्रज्ञ, म्हणजे समाजातली प्रत्येक संस्था समाजासाठी कोणतं काम करते हे पाहणारे. समाज टिकवण्यात शाळेचा वाटा काय, हाच दोघांचा प्रश्न. उत्तरं मात्र वेगळी.

एमिल दर्खाइम यांच्यापुढे तिसऱ्या प्रजासत्ताकातला फ्रान्स होता. १८८१-८२च्या कायद्यांनी तिथल्या सरकारी शाळांतलं प्राथमिक शिक्षण मोफत आणि धर्मनिरपेक्ष झालं, मुलांना शिकवणं सक्तीचं झालं. धर्मशिक्षण गेल्यावर मुलांना नीती शिकवायची ती कशाच्या आधारावर? दर्खाइम म्हणतात, समाजाच्या. वर्गातली शिस्त, गटाशी जडणारं नातं आणि नियमामागचं कारण समजून तो आपणहून पाळणं, यांतून मूल समाजाचं होतं.

टॅल्कट पार्सन्स यांनी १९५९ साली अमेरिकेतल्या वर्गाचं विश्लेषण मांडलं. घरी मूल आपलं म्हणून लाडकं असतं. वर्गात सगळ्यांना एकच मोजपट्टी. इथे संस्कारांना निवडीची जोड मिळते: कॉलेजात कोण जाणार, कोण नाही.

पण ही मोजपट्टी खरंच सगळ्यांना सारखी लागते का? वडिलांच्या व्यवसायाचा परिणाम पार्सन्स यांनाही दिसला होता, तरी त्यांनी भर दिला तो वर्गातल्या कामगिरीवर. म्हणूनच मला दर्खाइम जास्त जवळचे वाटतात. गुणांत मागे पडलेल्या मुलालाही त्यांच्या शाळेत जागा आहे.