कार्डाच्या मागचं निळं पोर्ट

जुन्या कॉम्प्युटरसाठी सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने वाचावं म्हणून हे लिहितेय. कार्ड नकली असल्याची खूण माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि ती पाहून मला उलट बरं वाटलं होतं.

आमचा कॉम्प्युटर 2013 चा. बाबांनी डोंबिवलीतल्याच एका ओळखीच्या माणसाकडून असेंबल करून घेतलेला. आय5-3470 प्रोसेसर, बी75 चिपसेटचा मदरबोर्ड, 4 जीबी रॅमची एकच पट्टी, 500 जीबीची हार्ड डिस्क आणि 1 जीबीचं जीटीएक्स 650 कार्ड. मॉनिटर त्याहूनही जुना, फक्त व्हीजीए केबलवर, म्हणजे जुन्या निळ्या टोकाच्या केबलवर चालणारा. कार्डाच्या डीव्हीआय नावाच्या वेगळ्या पोर्टला अडॅप्टर लावून त्यात ती केबल घातलेली असायची, आणि टेबलाला जरा धक्का लागला की सगळी स्क्रीन गुलाबी व्हायची.

मे 2020 मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, जीटीए फाइव्ह आठवडाभर फुकट मिळत होता. माझा धाकटा भाऊ दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला त्या बॅचचा. घरात कोंडलेल्या मुलाने तो गेम उतरवून घेतला यात नवल नाही. गेम सुरू व्हायचा, पण गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ताच गायब. इमारती दोन-तीन सेकंदांनी एकेक करून उगवायच्या, तोवर गाडी कशावर तरी आदळलेली असायची. नंतर अकरावीचे ऑनलाइन तासही त्याच कॉम्प्युटरवर सुरू झाले आणि तेही अडकू लागले. तेव्हा मी म्हटलं, दिवाळीच्या बोनसमधले 9,000 रुपये यात घालू या.

भावाने एक काम फार नीट केलं होतं. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडायचा आणि दर पाच मिनिटांनी आकडे वहीत लिहायचे, असं त्याने दोन दिवस केलं. मेमरी 4 जीबीपैकी 3.8. डिस्क बहुतेक वेळ 100 टक्क्यांवर चिकटलेली. प्रोसेसर मात्र 60-70 च्या आसपास. शेजारी त्याने गेमला काय काय लागतं ते उतरवलं. किमान 4 जीबी रॅम आणि 1 जीबीचं कार्ड. नीट खेळायचं तर 8 जीबी रॅम, 2 जीबीचं कार्ड आणि प्रोसेसर आय5-3470, म्हणजे अगदी आमचाच. इतका जुना असूनही प्रोसेसरला हात लावायची गरज नव्हती. रॅम कमी पडत होती, कार्डावरची मेमरी कमी पडत होती आणि हार्ड डिस्क धापा टाकत होती. पानाच्या तळाशी त्याने क्रम घातला होता: आधी रॅम, मग एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क), कार्ड पुढच्या बोनसला.

त्या पानावर होतं तेच बरोबर होतं. वही मी घरी ठेवून गेले.

1 फेब्रुवारी 2021 ला लोकल सगळ्यांसाठी सुरू झाली, पण वेळा ठरलेल्या: पहाटेपासून सकाळी 7 पर्यंत, दुपारी 12 ते 4, आणि रात्री 9 नंतर. त्याच महिन्यात एका शनिवारी अर्धी रजा टाकून मी बारानंतरची पहिली गाडी पकडली. दादरला बदलून ग्रँट रोडला उतरले तेव्हा दीड वाजून गेला होता. परतीच्या गाडीत चारच्या आत बसायचं होतं. ‘विचारून तरी ये काय येतात,’ म्हणून भावाने जुनं जीटीएक्स 650 वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं होतं.

मला जायचं होतं लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात. या रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरचं सामान घ्यायला येणाऱ्यांच्या तोंडी ते कधी नसतं. तिथे सचोटीने धंदा करणारी दुकानं भरपूर आहेत, त्यांच्यापैकी एकाने पुढे मला मदतही केली. मी शिरले ते दुकान एका गल्लीत आत होतं. रॅम आणि एसएसडीचे भाव विचारले, तर काउंटरवरच्या माणसाने आधी गेम कोणता ते विचारलं.

‘रॅमने काय होणार ताई? दोन-चार फ्रेम वाढतील. गेम चालतो तो ग्राफिक्स कार्डावर. आधी कार्ड घ्या, मग प्रोसेसर बदला, तुमचा प्रोसेसर पण गेलेलाच आहे.’

प्रोसेसरबद्दल हे वाक्य आलं तिथेच मी उठायला हवं होतं. वहीतला आकडा मला पाठ होता. पण तो माणूस इतक्या आपुलकीने बोलत होता की मला वाटलं, सोळा वर्षांच्या मुलापेक्षा याला जास्त कळत असणार. शिवाय तेव्हा बाजारात कार्डांचा दुष्काळ होता. कार्डांवर क्रिप्टो चलन कमावणाऱ्या मायनिंगवाल्यांनी माल उचलला होता, नवीन कार्ड मिळत नव्हतं आणि मिळालं तर भलत्याच भावाने. त्याने कपाटातून एक कार्ड काढलं. ‘1050 टीआय, 4 जीबी. फक्त सहा महिने घरी वापरलेलं. 7,000 आणि तुमचं ते जुनं कार्ड. संध्याकाळपर्यंत राहणार नाही.’

काळं-लाल आवरण, दोन पंखे. कुठल्याही कंपनीचं नाव नाही, नुसतं मॉडेलचं स्टिकर. मागच्या पट्टीवर एचडीएमआय, डीव्हीआय, आणि त्यांच्या शेजारी निळं व्हीजीए पोर्ट. ते निळं पोर्ट पाहिलं आणि माझ्या मनात आलं, चला, अडॅप्टरची कटकट गेली, केबल थेट लागेल.

त्याने कार्ड काउंटरवरच्या मशीनला लावून दाखवलं. स्क्रीनवर नाव बरोबर, मेमरी 4 जीबी. जुना काउंटर-स्ट्राइक दोन-तीन मिनिटं चालवला, काही अडलं नाही. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ‘पक्कं बिल हवं असेल तर 18 टक्के जीएसटी वर लागेल,’ म्हणाला. मी 4,000 यूपीआयने दिले आणि 3,000 रोख. हातात आली ती एक गुलाबी चिठ्ठी: ‘जी. कार्ड 7000/-, टेस्टिंग 7 दिवस’. सोबत ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरची सीडी. ‘यातलाच ड्रायव्हर टाका, नेटवरून घेतलात तर वॉरंटी जाईल.’

मी सीएच्या ऑफिसात काम करते. दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, मालाचा अनुक्रमांक नाही, असं बिल मी तिथे टेबलावर ठेवूनही घेत नाही. त्या दिवशी ती चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि स्टेशनकडे पळाले.

पहिले दोन दिवस कॉम्प्युटर चालला. गेम पूर्वीसारखाच रडतरखडत होता आणि मधूनच बंद पडत होता. तिसऱ्या दिवशी विंडोजने आपणहून नवा ड्रायव्हर टाकला आणि स्क्रीन काळी झाली. फोन केला तर, ‘आमचाच ड्रायव्हर परत टाका.’ टाकला. पाचव्या दिवशी, ‘विंडोज फॉरमॅट करून बघा.’ भावाने नोट्स पेनड्राइव्हवर काढून घेतल्या आणि फॉरमॅट केलं. सातव्या दिवशी फोन उचललाच नाही. आठव्या दिवशी उचलला आणि म्हणाला, टेस्टिंग काल संपलं. हे मुद्दाम सविस्तर सांगतेय, कारण टेस्टिंग वॉरंटीचे दिवस असेच खाल्ले जातात. प्रत्येक फोनला एक नवं काम सांगायचं, ते करण्यात दोन दिवस जातात. पहिल्यांदा बिघडलं त्याच दिवशी वस्तू घेऊन दुकानात जाऊन उभं राहायला हवं.

मग भावाने जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. 2018 पासून ते अशी नकली कार्डं ओळखतं. कार्डाच्या नावाआधी इंग्रजीत ‘फेक’ असा शब्द आला आणि कंपनीच्या चिन्हाच्या जागी धोक्याचा त्रिकोण. खात्री करायला त्याने मागचे चार स्क्रू काढून हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता काढून घेणारा धातूचा भाग, उचललं. वाळलेली पेस्ट स्पिरिटच्या कापसाने पुसली, तशी चिपवरची अक्षरं हळूहळू दिसू लागली. मी मोबाइलचा टॉर्च धरून उभी होते. जीएफ116. त्याखालच्या ओळीची सुरुवात 1119 ने, म्हणजे चिप 2011 च्या 19 व्या आठवड्यातली.

जीएफ116 ही जीटीएक्स 550 टीआय कार्डातली चिप. ते कार्ड मार्च 2011 मध्ये आलं, त्यात 192 कोअर, म्हणजे चित्राचं काम वाटून घेणारे छोटे प्रोसेसर. खऱ्या 1050 टीआयमध्ये 768 असतात आणि ते आलं ऑक्टोबर 2016 मध्ये. आम्ही दिलेलं जीटीएक्स 650 सप्टेंबर 2012 चं. म्हणजे 7,000 रुपये वर देऊन मी स्वतःच्या कार्डापेक्षा दीड वर्षाने जुनं कार्ड घरी आणलं होतं.

फसवणूक होते ती अशी. जुन्या कार्डाच्या बायोसमध्ये (कार्ड स्वतःची ओळख सांगतं त्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) नाव आणि मेमरीचा आकडा बदलतात आणि वर नवं आवरण चढवतात. विंडोज बायोस सांगेल ते मानतं, त्यामुळे दुकानात नाव आणि 4 जीबी बरोबर दिसतात. खरी मेमरी बहुधा 1 जीबीच असते. हलका गेम तेवढ्यात भागवतो, म्हणून दाखवायला नेहमी जुना गेम. जड गेमने 1 जीबीची हद्द ओलांडली की कार्ड कोसळतं. सीडीवरचा ड्रायव्हर जुना असतो, कारण या पिढीच्या चिपना 2018 नंतरचे नेहमीचे ड्रायव्हर चालत नाहीत.

आणि ते निळं पोर्ट. 1050 टीआय ज्या पिढीचं आहे, त्या पिढीपासून चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. त्यामुळे 1050 टीआयच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कार्डाला व्हीजीए पोर्ट दिसलं, तर ते हातात न घेता दुकानातून बाहेर पडा. कॉम्प्युटर न लावता, नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते अशी ही खूण आहे. पॉवरची सहा पिनांची जागा ही दुसरी शंका. 1050 टीआयला 75 वॉट पुरतात, ते स्लॉटमधूनच मिळतात, बऱ्याच मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. काही खऱ्या मॉडेलना ती असते, म्हणून हा पुरावा नाही. आमच्या जुन्या कार्डालाही ती वायर होती, त्यामुळे मला काही खटकलं नाही.

मी परत गेले ते भावाला आणि जीपीयू-झेडचा छापील फोटो घेऊन. ‘सॉफ्टवेअर चुकतं’ हे उत्तर आलं. शेजारच्या रस्त्यावर दुरुस्तीचं काम करणाऱ्या एका वयस्क काकांनी कार्ड हातात घेऊन दहा सेकंदांत सांगितलं, हे 550 आहे. आमच्याबरोबर दुकानात यायलाही ते तयार झाले. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नसतं आणि दोन वर्षांत तक्रार करता येते, हे मला ऑफिसमुळे ठाऊक होतं. तयार केलेल्या अर्जाची प्रत मी काउंटरवर ठेवली. तासभर वाद झाला. शेवटी 2,500 परत मिळाले, आमचं जुनं कार्ड ‘विकलं गेलं’. अर्ज मी पुढे रेटला नाही. चिठ्ठीवर दुकानाचं नाव नव्हतं, यूपीआय कुणा तिसऱ्याच्या खात्यावर गेलं होतं, आणि तो रेटायला हवा होता असं मला आजही वाटतं. तुमच्याकडे पक्कं बिल असेल तर सोडू नका. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

हातात 4,500 उरले होते. यावेळी वही बरोबर नेली. 4 जीबीची दुसरी पट्टी घेताना एका दुकानात फारच स्वस्त डीडीआर3 पट्टी पुढे आली. भावाने विचारलं तेव्हा कळलं की ती फक्त एएमडीच्या बोर्डवर चालते, आमच्या इंटेलच्या बोर्डवर नाही. तेही आपणहून कुणी सांगितलं नसतं. दुसरीकडे लावून पाहून रॅम घेतली, आणि पक्क्या बिलावर 240 जीबीची एसएसडी. बी75 बोर्डवर पूर्ण वेगाचं साटा पोर्ट (डिस्क जोडायची जागा) एकच असतं, ते शोधून तीच एसएसडी तिथे लावली. विंडोज सुरू व्हायला अडीच मिनिटं लागायची, ती वीस सेकंदांवर आली. त्या दिवशी भावाने अकरावीचा तास, नोट्स आणि ब्राउझर एकत्र उघडून बघितलं आणि काहीच अडकलं नाही. कार्ड नसल्याने गेम प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर, सगळं कमीत कमी ठेवून चालत होता. पण रस्ते गायब व्हायचे थांबले.

कार्डासाठी दीड वर्ष थांबलो. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि जुन्या कार्डांचा बाजारात पूर आला. त्या पुरात दुसरा धोका होता. आरएक्स 580 (दुसऱ्या कंपनीचं, एएमडीचं कार्ड) या नावाखाली 2304 ऐवजी 2048 कोअरचं कार्ड सर्रास विकलं जात होतं. ते बनावट नव्हे, 2018 मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलेलं वेगळं मॉडेल आहे, पण ताकद आरएक्स 570 ची. जीपीयू-झेडमध्ये हा आकडा सरळ दिसतो. शिवाय 2304 कोअरच्या आरएक्स 580 ला 185 वॉट लागतात आणि आमचा पॉवर सप्लाय 2013 चा लोकल, त्यामुळे तो मोह आम्ही बाजूलाच ठेवला.

दिवाळीनंतर ठाण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडून 1050 टीआय घेतलं, 5,000 रुपयांना. त्याच्या घरी, त्याच्याच मशीनवर, आमच्या पेनड्राइव्हवरचं जीपीयू-झेड चालवलं आणि तासभर जड गेम लावून ठेवला. मूळ बिल आणि कार्डावरचा अनुक्रमांक जुळवून पाहिला. त्या मुलाच्या आईने चहा केला. तो पिऊन होईपर्यंत तापमान 70 च्या पुढे गेलं नव्हतं.

घरी येऊन भावाने कार्ड बसवलं आणि मॉनिटरची केबल लावायला गेला. मागच्या पट्टीवर व्हीजीए नव्हतं. जुनं डीव्हीआय अडॅप्टरही बसेना, कारण त्याच्या चपट्या पात्याभोवती ज्या चार जास्तीच्या पिना असतात, त्यांना कार्डावर भोकंच नव्हती. तो माझ्याकडे बघून हसला. ‘ताई, खरं आहे,’ म्हणाला. मी खाली जाऊन 350 रुपयांचा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घेऊन आले.