हेवी डिपॉझिटवर घर घेताय? नोटरीच्या कागदावर एक रुपयाही देऊ नका

मुंबई सोडून छोट्या शहरात राहायला जायचा विचार चालू असेल तर हे नीट वाचा. एका एजंटच्या फसवणुकीत आमचे डिपॉझिटचे ४,५०,००० आणि दलालीचे १८,००० रुपये गेले. सामानाच्या ट्रकचे २४,५०० आणि त्या घराला पदरमोड करून दिलेल्या रंगाचे १२,८०० वेगळेच. निम्म्या नातेवाइकांना अजून यातलं काही माहीत नाही, कारण सांगायची लाज वाटते. ज्याला खरं तर लाज वाटायला हवी तो मात्र त्याच गावात राजरोस फिरतोय.

हेवी डिपॉझिटची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. एकरकमी मोठी रक्कम द्यायची, दरमहा भाडं नाही, घर सोडताना रक्कम परत. मुंबईत आम्ही महिन्याला ३२,००० भाडं भरत होतो. यजमानांचं काम घरून सुरू झालं होतं, सासूबाईंना जिने चढवत नव्हते, म्हणून एका जिल्ह्याच्या गावी जायचं ठरलं आणि ठेव मोडली. यात हाव कुठे होती? साधा हिशेब होता.

एजंट ओळखीतून मिळाला होता. हे मुद्दाम सांगते, कारण 'ऑनलाइन जाहिरात बघून पैसे पाठवले असतील' असं पोलिसांपासून भावापर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलं. तसं काहीही नव्हतं. तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या कुटुंबाने त्याचं नाव सुचवलं होतं. यजमानांना तो दादा म्हणायचा, मला वहिनी, सासूबाईंना मावशी. कोपऱ्यावरचा किराणावाला, इस्त्रीवाला त्याला नावाने हाक मारायचे. मुंबईत आपण प्रत्येक कागद दोनदा बघतो आणि छोट्या गावात गेलो की 'इथे सगळे एकमेकांना ओळखतात' म्हणून निर्धास्त होतो. अहो, गाव त्याला ओळखतं म्हणून घर त्याचं होत नाही! याच भरवशावर ही माणसं जगतात.

पैसे असे गेले: २१,००० टोकन यूपीआयने, मग २,२९,००० आणि चावी मिळायच्या आदल्या दिवशी २,००,००० बँकेतून. दलाली रोख. सगळं त्याच्या स्वतःच्या खात्यावर. 'मालक दुबईला असतात, कुलमुखत्यारपत्र माझ्या नावावर आहे' म्हणाला आणि नोटरीचा शिक्का मारलेला कागद समोर ठेवला.

आणि इथेच, त्या नोटरीच्या टेबलापाशी, थांबायला हवं होतं. यजमानांनी विचारलं होतं, 'करार रजिस्टर करू ना?' त्यावर तो हसून म्हणाला, 'दादा, मुंबईसारखं नाही इथे. इथे सगळे नोटरीवरच करतात. रजिस्टर केलं की मालकाच्या मागे टॅक्सची कटकट लागते.' सासूबाई म्हणाल्या, 'मालकाशी एकदा फोनवर तरी बोलू दे.' दुबईत आता ऑफिसची वेळ आहे, असं उत्तर आलं. आम्हीच त्यांना गप्प केलं. ट्रक ठरलेला, मुंबईचं घर सोडायची नोटीस दिलेली, मुलाची शाळा उघडायला आलेली. अशा वेळी माणूस भांडत बसत नाही आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. ते वाक्य रात्री-अपरात्री अजून कानात वाजतं, 'मुंबईसारखं नाही इथे.' कायदा अख्ख्या महाराष्ट्राला एकच आहे! भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची, नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नोंदणी केली असती तर मालकाचा फोटो, अंगठा, आधारची पडताळणी लागली असती आणि सगळं नाटक तिथेच कोसळलं असतं. खर्च किती आला असता? शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये आणि मुद्रांक शुल्काचे काही शे. तेवढ्यात आमचे साडेचार लाख वाचले असते. कागदावर नोटरीचा शिक्का आहे म्हणजे मालकी कुणी तपासली आहे, असं समजू नका.

महावितरणचं बिल तिसऱ्याच नावावर होतं. तेही मी विचारलं होतं. 'बिलावर जुनंच नाव राहतं हो वहिनी.' आता हे खोटं तरी कसं म्हणणार? अर्ध्या महाराष्ट्रात बिलं जुन्याच नावाने येतात. म्हणून बिलावर विसंबू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा उतारा) विनामूल्य शोधता येते, त्यात शेवटचा खरेदीदार कोण ते बघा. घरपट्टीची पावती मागा. सोसायटी असेल तर सेक्रेटरीला स्वतः भेटा, एजंटला बरोबर न घेता.

खरा प्रकार असा निघाला की तो एजंट स्वतःच त्या फ्लॅटमध्ये अकरा महिन्यांच्या करारावर भाडेकरू होता, महिना ९,००० वर. आमच्या पैशातून तो मालकाला भाडं देत राहिला. त्याने भाडं थांबवल्यावर मालक दारात उभे राहिले. दुबई वगैरे काही नाही, दोन जिल्हे पलीकडे राहणारे निवृत्त गृहस्थ. त्यांचा करार रजिस्टर्ड होता आणि मुदत संपलेली होती. त्यांच्यावर माझा राग नाही, पण घर आम्हालाच खाली करावं लागलं.

आता पोलीस. तिथल्या ठाण्यात पहिलंच वाक्य ऐकलं, 'हा दिवाणी वाद आहे, वकील करा.' दुसऱ्याचं घर आपलं म्हणून देऊन पैसे उकळायचे, हा दिवाणी वाद? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? पोटकलम ४ मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गुन्हा दखलपात्र आहे. मग म्हणाले, पैसे मुंबईतून पाठवलेत ना, तिकडे तक्रार द्या. मुंबईत म्हणाले, घर तिकडे, आरोपी तिकडे, इथे काय आणलंत? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, शून्य क्रमांकाने, म्हणजे झिरो एफआयआर. हे मी हवालदारांना वाचून दाखवलं. 'मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका.' सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर 'तुम्ही स्वतःच्या मर्जीने पाठवलेत, हे ऑनलाइन फ्रॉडमध्ये बसत नाही.' साध्या अर्जावर पोच देतानासुद्धा शिक्का सापडत नव्हता. एका अधिकाऱ्याने तर समेट करा, दीड लाखात मिटवून टाका, असंही सुचवलं, आणि तेही आरोपीला समोर बसवून, चहा पाजून! माझ्या सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, त्यांना कुणी पाणी विचारलं नाही. महारेराकडेही, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या सरकारी नियामकाकडेही, आशेने पाहिलं, पण एजंटची ती नोंदणी प्रकल्पातल्या विक्रीसाठी असते. भाड्याची घरं दाखवणाऱ्याला कोण विचारतो? कुणीच नाही.

तेव्हा ट्रक ठरवायच्या आधी करार रजिस्टर करा, नंतर नाही. जुनं घर सोडायची नोटीस शेवटी द्या. शक्य असेल तर आधी साध्या भाड्याने राहा, मोठी रक्कम बँकेतच राहू दे. पैसे फक्त सूची क्रमांक २ मध्ये ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यावर. मालकाशी व्हिडिओ कॉल नाही, तर व्यवहार नाही. 'उद्या दुसरी पार्टी येतेय' ऐकलं की उठून चालू लागा. आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसाने शंका काढली तर त्यांना गप्प करू नका.

आणि फसलाच असाल तर ठाण्यात तोंडी बोलत बसू नका. लेखी तक्रार द्या, घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, टपालाची पावती जपून ठेवा. तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आमचा अर्ज आता तिथे आहे.