ग्रीन कार्ड यायच्या आधी: रिटर्न एकत्र की वेगळं?

भाची अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकते. लग्न अमेरिकन नागरिकाशी झालंय, ग्रीन कार्डचा अर्ज (आय-४८५) अडकलाय. तिने विचारलं, "मामा, रिटर्न नवऱ्याबरोबर भरू की वेगळं?"

आधी एक गैरसमज दूर करतो. अर्ज प्रलंबित आहे म्हणून कुणी करासाठी रहिवासी होत नाही. तिथे राहिलेले दिवस मोजतात, आणि एफ-१ विद्यार्थ्यांची पहिली ५ कॅलेंडर वर्षं त्यात धरत नाहीत. भाचीचं तिसरं वर्ष, म्हणजे ती अनिवासीच. पण ३१ डिसेंबरला विवाहित असाल तर 'सिंगल' म्हणून भरू नका. ही चूक फार जण करतात.

वजावट (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम): एकत्र भरल्यास २०२४ सालासाठी २९,२०० डॉलर, वेगळं भरल्यास प्रत्येकी १४,६००. १०४०-एनआर या अनिवासींच्या फॉर्मवर ती सहसा मिळत नाही, भारतीय विद्यार्थ्यांना मात्र भारत-अमेरिका कर करारामुळे मिळते.

उत्पन्न: खरी मेख इथे आहे. एकत्र भरायचं तर अनिवासी जोडीदाराला करासाठी रहिवासी धरून घ्यावं लागतं, म्हणून जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं. आजीने भाचीच्या नावावर ठेवलेल्या एफडीचं व्याजसुद्धा. वेगळं भरलं तर ते व्याज तिथे येत नाही.

खटाटोप: एकत्र भरताना पहिल्या वर्षी रहिवासी धरायची निवड केल्याचं दोघांच्या सहीचं निवेदन जोडायचं. ही निवड एकदा मागे घेतली की पुन्हा करता येत नाही.

एकत्र रिटर्न ग्रीन कार्डच्या मुलाखतीत संसाराचा चांगला पुरावा ठरतं. भारतात फारसं उत्पन्न नसेल, तर एकत्रच भरा. भाचीलाही तेच सांगितलं. भारतात भाडं, मोठ्या ठेवी असतील, तर वेगळं बरं.