जिमनीची २ इंची लिफ्ट किट: स्प्रिंग झकास, नटबोल्ट बदलाच

जिमनी गाडी २ इंच उंच करणाऱ्या या किटच्या स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरबद्दल तक्रार नाही. घोळ आहे तो बोल्टच्या पिशवीत. पॅनहार्ड रॉडचा (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) बोल्ट ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टची ताकद) आणि जवळजवळ डोक्यापर्यंत आटे! आटे ब्रॅकेटच्या भोकात टेकले की भोक लंबगोल होतं आणि स्टिअरिंग वळवताना ‘टक’ वाजतं. मूळ बोल्टच्याच व्यासाचा, पिचचा (आट्यांमधलं अंतर), पण जास्त मजबूत १०.९ ग्रेडचा घ्या. बिनआट्यांचा भाग ब्रॅकेटच्या दोन्ही पत्र्यांत बसायला हवा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) नवेच.

कॅस्टर बुश (गाडी उंच केल्याने बिघडलेला पुढच्या चाकांचा कोन सुधारणारे रबरी बुश) किटमध्ये नाहीत, वेगळे घ्या. नाहीतर हायवेवर स्टिअरिंग भरकटतं. बुशचे बोल्ट जॅकवर हातानेच अडकवा. टॉर्क (ठरलेल्या जोराने शेवटची आवळणी) गाडी चाकांवर टेकल्यावर, नाहीतर रबर पिळलेलं राहून फाटतं. ५०० किमीनंतर पुन्हा टॉर्क तपासा. ॲक्सल पूर्ण लोंबकळवून ब्रेकचा होज ताणला जातोय का, तेही बघा.