डिव्हाइन की नेझी: एकाच शहरातले दोन रस्ते

मुंबईच्या गल्ली रॅपची ही दोन नावं २०१५ च्या ‘मेरे गली में’ या गाण्यात एकत्र आली आणि २०१९ च्या ‘गली बॉय’ चित्रपटाला दोघांच्याही आयुष्यातून प्रेरणा मिळाली. वाटा मात्र अगदी वेगळ्या.

कुर्ला पश्चिमच्या नेझीने २०१४ मध्ये ‘आफत’ केलं ते आयपॅडवर. नेटवरून उतरवलेली बीट (रॅपमागचं तयार संगीत), आवाजही आयपॅडवरच आणि व्हिडिओही त्यावरच. खर्च जवळपास शून्य. आज हीच पद्धत वापरायची तर आधी बीटचा परवाना घ्या, नाहीतर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा लागतो आणि कमाई बीटच्या मालकाकडे जाते. नेझीची ताकद शब्दांच्या दाटीत आहे: उर्दू मिसळलेली बंबैया, ओळीच्या पोटातही यमक. ऐकायला सोपं वाटतं, पण श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवलं नाही तर सोळा बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) अंतरा मंचावर दहाव्या बारलाच कोसळतो.

अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन शब्द कमी वापरतो. भारदस्त आवाज, मोकळी जागा आणि गर्दीला परत म्हणता येईल असं ध्रुवपद. मैदानी कार्यक्रमात हेच चालतं.

खरा फरक सातत्याचा. डिव्हाइनने ‘गली गँग’ कंपनी उभारली आणि ‘कोहिनूर’ (२०१९), ‘पुण्य पाप’ (२०२०), ‘गुनहगार’ (२०२२) असे अल्बम दिले. नेझीचा पहिला अल्बम ‘मगरेब’ २०२० मध्ये आला, ‘आफत’नंतर सहा वर्षांनी. लेखणी शिकायची तर नेझी ऐका. कारकीर्द कशी बांधायची हे डिव्हाइनकडून शिका.