लोखंड गाळावं, ऐकावं की आधी वेचून काढावं? द्राक्षबागेत पडलेलं सोनं शोधताना

विरळणी किंवा डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) चालू असताना कानातल्याची फिरकी सैल होते आणि कुडी वेलीखाली पडते. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव पट्ट्यात अशा वेळी कुणाकडून तरी मेटल डिटेक्टर आणला जातो आणि पहिल्या दहा फुटांतच तो बंद करून ठेवावासा वाटतो. बागेची माती म्हणजे निम्मं भंगारच. मांडवाच्या तारेचे कापलेले तुकडे, वेल बांधायच्या टेप गनच्या पिना, खिळे, वॉशर, फवारणीच्या नळीच्या क्लिपा, सगळंच वाजतं.

यावर तीन उपाय आहेत: मशीनला लोखंड गाळायला सांगणं, लोखंडासकट सगळं ऐकणं, किंवा लोखंड आधी चुंबकानं उचलणं. बागेपुरतं आमचं मत असं: आधी चुंबक, मग लहान कॉइल (मशीनची जमिनीवरून फिरवायची तबकडी) लावून ऐकणं. गाळणी जवळपास शून्यावर ठेवावी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

गाळणं, म्हणजे डिस्क्रिमिनेशन

कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राला लोखंड आणि सोनं वेगवेगळ्या वेळेनं उत्तर देतात. तो फरक मोजून मशीन लोखंडाचा आवाज बंद करतं. मैदान मोठं असेल, भंगार विरळ असेल आणि हरवलेली वस्तू जाड अंगठी किंवा पाटली असेल, तर ही सोय उत्तम. कान थकत नाहीत, काम झपाट्यानं होतं.

बागेत मात्र तीन ठिकाणी फसगत होते. एक, आवाज बंद झाला म्हणून खिळा नाहीसा होत नाही. मशीन त्या खिळ्यावर गप्प असताना दोन-तीन इंचांवरची कुडीही त्याच शांततेत गडप होते. दोन, धातू ओळखायला मशीन पडद्यावर जो आकडा दाखवतं, तो बारीक सोन्याच्या बाबतीत लोखंडाला जवळजवळ चिकटून येतो. नथीची तार, लहान बाळी, कुडीची सुटी फिरकी या वस्तू फार कमी प्रवाह वाहून नेतात. पिना गप्प होईपर्यंत गाळणी वाढवली आणि वर ‘अजून थोडी’ वाढवली, की त्या ‘थोडी’त नथ जाते. तीन, वॉशर, बाटलीचं बूच, वाकून कडी झालेला खिळा यांसारखं चपटं किंवा गोल लोखंड गाळणीतून सुटतं आणि चांगल्या धातूसारखा आकडा दाखवतं. म्हणजे नको ते वाजतं आणि हवं ते गप्प राहतं.

त्यात आपली जमीन बेसॉल्टची. काळ्या मातीतले मॅग्नेटाइटचे कण स्वतःच लोखंडासारखा इशारा देतात, त्यामुळे वस्तू जितकी खोल तितका तिचा आकडा लोखंडाकडे सरकतो. छाटणीच्या काड्या जाळलेल्या जागी हा त्रास आणखी वाढतो, कारण भाजलेली माती जास्त चुंबकीय होते.

गाळणी वापरायचीच असेल तर एक इंची सरळ खिळा जेमतेम गप्प होईल इतकीच ठेवावी.

ऐकणं

इथे गाळणी शून्यावर असते. लोखंडाला जाडा, घोगरा टोन आणि बाकी धातूंना उंच टोन लावायचा. लोखंडाचा आवाज वेगळा कमी करता येत असेल तर एक तृतीयांशावर आणावा, पण पूर्ण बंद करू नये. घोगऱ्या आवाजाच्या मध्येच बारीकशी किणकिण आली, तर तिथेच थांबायचं. मिनलॅब इक्विनॉक्स ६०० किंवा ८०० वर आकडे उणे ९ ते ४० असे असतात आणि उणे ९ ते ० हा लोखंडाचा पट्टा समजला जातो. कारखान्यातून तो गप्प ठेवलेला येतो. बागेत तो उघडावा.

शोधायला सुरुवात करण्यापूर्वी कानात उरलेली दुसरी कुडी मागून घ्या. बागेत भंगार नसलेल्या जागी ती दोन इंच मातीखाली ठेवा, वरून कॉइल फिरवा आणि आकडा व आवाज लक्षात ठेवा. मग तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांवर खिळे ठेवून पुन्हा फिरवा. गाळणी वाढवल्यावर कुडी कधी नाहीशी होते ते इथेच कळतं. मंगळसूत्र तुटलं असेल तर काळे मणी वाजणार नाहीत, वाजतील त्या वाट्या. साखळीचाही भरवसा नको. मशीनला ती अखंड न दिसता एकेक कडी दिसते, म्हणून वजनाच्या मानानं ती फारच हळू वाजते.

चाचणीसाठी रुपयाचं नाणं मात्र घेऊ नका. १९९२ पासूनचा रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा आहे. घाटावर दोरीला चुंबक बांधून नाणी काढता येतात ती त्यामुळेच. त्याच्या आकड्यावर मशीन बसवलं तर सगळा हिशोब चुकतो.

संशयास्पद आवाज आला की जागेवरच तीन गोष्टी करायच्या. नव्वद अंशांत वळून दुसऱ्या दिशेनं कॉइल फिरवा: कुडी दोन्हीकडून जवळपास सारखीच वाजते, खिळा लांबीच्या दिशेनं दोनदा टकटकतो आणि आडवा एकदाच. मग पिनपॉइंट (वस्तूची नेमकी जागा दाखवणारं बटण) दाबा: आवाज ऐकू आला ती जागा आणि पिनपॉइंटनं दाखवलेली जागा यांत दोन-तीन इंचांचा फरक पडला, तर बहुधा लोखंड. बुचाचा संशय असेल तर कॉइल हळूहळू मागे ओढून वस्तू तिच्या पुढच्या टोकाखाली आणा. बूच तिथे घोगरं होतं, चांगला धातू आवाज बदलत नाही.

या पद्धतीची किंमत वेळात मोजावी लागते. वेलीच्या एका बाजूचा अडीच फुटी पट्टा धरला आणि दर तीन सेकंदांत एक फेरी मारून तीन इंच पुढे सरकलं, तर शंभर फुटांच्या ओळीला वीस मिनिटं. ओळीच्या दोन बाजू म्हणजे चाळीस.

चुंबक

हा सर्वांत कमी वापरला जाणारा आणि बागेत सर्वांत जास्त फळ देणारा उपाय. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही, पिना आणि तारा चिकटतात. गॅल्व्हनाइज्ड तारही चिकटते, जस्ताच्या थराखाली ती लोखंडच आहे. काठीला आडवी चुंबकपट्टी बांधा, ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि जमिनीपासून बोटभर उंचीवर फिरवा. पिशवी नसेल तर काळ्या मातीचे कण चुंबकाला दाढीसारखे चिकटतात आणि निघता निघत नाहीत. पिशवी असली की ती उलटी करायची, कचरा आत राहतो. तो बादलीत टाका, बांधावर नको.

मर्यादा उघड आहे: चुंबक वरचा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा थरच साफ करतो. पण ताजी पडलेली कुडीही त्याच थरात असते, आणि तिला झाकणाऱ्या पिनाही. पाचटाचं आच्छादन असेल तर आधी पाचटावरूनच डिटेक्टर फिरवा, मग ते दंताळ्यानं बाजूला ओढून खाली चुंबक फिरवा.

अ‍ॅल्युमिनियमवर चुंबक आणि लोखंडाची गाळणी दोन्ही निरुपयोगी. कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडावरचं सोलून फेकलेलं चमकतं सील हुबेहूब लहान सोन्यासारखा आकडा देतं. औषधाच्या गोळ्यांची पट्टीही तशीच. ते उकरावंच लागतं, पळवाट नाही.

कॉइल आणि मशीन

अकरा इंची कॉइलखाली एका वेळी तीन-चार पिना येतात आणि सगळ्यांचा मिळून एक गोंधळ ऐकू येतो. पाच-सहा इंची कॉइल त्यांना वेगवेगळं करते, लोखंडी अँगलच्या जवळही नेता येते आणि वरची ठिबकची तार कमी पकडते. खोली कमी मिळते, पण ती इथे लागतच नाही. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर नव्या मशीनऐवजी लहान कॉइल घ्या.

गॅरेट एस ३०० हे ८ किलोहर्ट्झचं मशीन. अंगठी, पाटली, जोडवी यांना चालेल, नथीला कमजोर. नोक्टा सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झवर थोडं सरस. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी मशिनं आपल्या काळ्या जमिनीत स्थिर राहतात. पल्स इंडक्शनचं मशीन घेऊ नका. ते मातीच्या खनिजांना दाद देत नाही हे खरं, पण लोखंड ओळखण्यात भरवशाचं नाही, आणि बागेत तो गुण पहिला हवा.

कोणतंही मशीन असो, ग्राउंड बॅलन्स (मशीनला तिथल्या मातीशी जुळवून घेणं) रिकाम्या जागी करा: कॉइल जमिनीपासून दोन सेंटिमीटर ते फूटभर अशी वर-खाली करत आवाज स्थिर होईपर्यंत. झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) आणि पंपाचा स्टार्टर बंद करायला सांगा. तरीही कुरकुर राहिली तर सेन्सिटिव्हिटी उतरवा.

हे सगळं स्वतःच्या किंवा मालकाची परवानगी असलेल्या जमिनीपुरतं. पांडवलेण्यासारख्या संरक्षित स्मारकाच्या आवारात डिटेक्टर नेऊ नका. पाडलेल्या वाड्याच्या ढिगात जुनं काही निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो: दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आणि कुडी पडल्याचं कळल्यापासून शोध संपेपर्यंत त्या ओळीत रोटाव्हेटर घालू देऊ नका. घातला गेलाच असेल तर चुंबकाचा फायदा संपला असं धरा. कुडी आता चार-सहा इंच खाली आणि पडल्या जागेपासून दूर असू शकते. तेव्हा ट्रॅक्टर ज्या दिशेनं गेला त्या दिशेला पट्टा वाढवा आणि तेवढ्यापुरती मोठी कॉइल चढवा.